सॉफ्टवेअरमधून बाहेर पडण्याची वाटही सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात नव्या अ‍ॅपविषयी आणि संगणकावरच्या साधनांविषयी जे लेख येतात, ते मी आवडीने वाचते. अमुक अ‍ॅप किती वेगाने चालते, दिसायला कसे आहे, त्यात कोणत्या सोयी आहेत, ते फुकट आहे की वर्गणी भरावी लागते, हे सारे त्यांत नेमकेपणाने सांगितलेले असते. एक गोष्ट मात्र त्यांत क्वचितच आढळते. या अ‍ॅपमध्ये मी जे साठवीन ते कोणत्या स्वरूपात साठेल, आणि उद्या ते अ‍ॅप सोडावेसे वाटले तर माझा मजकूर, माझी छायाचित्रे, माझे हिशेब मला धडपणे बाहेर काढता येतील का? यापुढे आपल्याकडील प्रत्येक परीक्षणात या प्रश्नाचे उत्तर असावे, अशी माझी विनंती आहे. तिच्यामागची कारणे सविस्तर मांडावीत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नवे सॉफ्टवेअर दिसले की ते उतरवून घ्यावे, त्याच्या सेटिंग्जचा कोपरा न् कोपरा पाहावा, ही माझी मनापासूनची हौस. नोंदी ठेवण्याची, कामांच्या याद्या करण्याची, वाचायचे लेख जपून ठेवण्याची, छायाचित्रे लावण्याची बरीच साधने मी वापरली आणि त्यांतली पुष्कळशी सोडलीही. सोडताना जे कळते ते वापरताना कळत नाही. नोंदींचेच उदाहरण घ्या. एका लोकप्रिय अ‍ॅपमधून मी माझ्या सगळ्या नोंदी एक्सपोर्ट केल्या. 'एक्सपोर्ट' असे ठळक बटण तिथे होते, त्यामुळे वरवर पाहता तक्रारीला जागा नव्हती. हाती आलेली झिप फाइल उघडली तेव्हा प्रत्येक नोंदीची वेगळी पीडीएफ झालेली होती. एका नोंदीतून दुसरीकडे नेणारे दुवे मेले होते. नोंद कधी लिहिली ती तारीख गेली होती आणि सगळ्या फाइलींवर एक्सपोर्ट केल्याच्या दिवसाची तारीख पडली होती. चित्रे एका वेगळ्या फोल्डरात होती, त्यांची नावे म्हणजे आकड्यांच्या लांबलचक ओळी, आणि कोणते चित्र कोणत्या नोंदीतले हे सांगणारे काहीही सोबत नव्हते. ज्या नोंदींची शीर्षके मराठीत होती त्यांच्या फाइलींची नावे तर निव्वळ अधोरेषांची झाली होती, कारण तो प्रोग्राम नावातले प्रत्येक देवनागरी अक्षर काढून त्या जागी अधोरेषा टाकत होता. तेवढ्याच लांबीची दोन शीर्षके असली की एक फाइल दुसरीवर लिहिली जात होती, म्हणजे एक नोंद कायमची नाहीशी.

याउलट काही साधी अ‍ॅप अशी आहेत की ती मुळातच प्रत्येक नोंद मार्कडाउन या, साध्या खुणांनी शीर्षके-याद्या दाखवण्याच्या पद्धतीने लिहिलेली साधी मजकूर-फाइल म्हणून आपल्याच फोल्डरात ठेवतात. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत इतकी सुटसुटीत आहे की, ते अ‍ॅप काढून टाकले तरी फाइल कोणत्याही मजकूर-संपादकात उघडते आणि माणसाला सरळ वाचता येते. अशा अ‍ॅपमधून एक्सपोर्ट करण्याची गरजच पडत नाही. परीक्षण लिहिणाऱ्याला हा फरक तपासायला फार वेळ लागणार नाही. एक चित्र असलेली, एक तक्ता असलेली, एक दुवा असलेली आणि एक मराठी शीर्षकाची अशा नोंदी करून पाहाव्यात, त्या एक्सपोर्ट कराव्यात, आणि आलेल्या फाइली त्या अ‍ॅपबाहेर उघडून पाहाव्यात. त्यातून जे दिसेल ते चार वाक्यांत लिहिले तरी वाचकाला पुरे.

इतकी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. मोठ्या कंपन्या का बुडणार आहेत? पण सेवा बंद पडायला कंपनी बुडावी लागत नाही. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका ठिकाणी दाखवणारा आपला 'रीडर' गूगलने १ जुलै २०१३ रोजी बंद केला तेव्हा कंपनी उत्तम चालली होती. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केले आणि लोकांनी हौसेने उभारलेली असंख्य वैयक्तिक संकेतस्थळे त्याबरोबर गेली; जी उरली ती स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून ठेवली म्हणून. मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये मान्य केले की, सर्व्हर बदलण्याच्या कामात तीन वर्षांहून जुनी छायाचित्रे, व्हिडिओ आणि ध्वनिफिती हाती लागण्यासारख्या राहिल्या नाहीत. कित्येक कलावंतांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांची ती एकमेव प्रत होती. अगदी अलीकडे, २०२५ च्या जुलैत, मोझिलाने लेख जपून ठेवण्याची 'पॉकेट' ही सेवा थांबवली.

या सगळ्यांना मी एकाच पंक्तीला बसवणार नाही. सेवा बंद करण्याचा हक्क ती चालवणाऱ्याला आहेच. ती बंद कशी केली, यावर त्याची पारख व्हावी. रीडर बंद झाल्याचे दुःख अनेकांना आजही आहे, पण तिथून निघणे सोपे होते, हेही तितकेच खरे. आपली माहिती उतरवून घेण्याची गूगलची 'टेकआउट' ही सोय २०११ पासून उपलब्ध होती. तिच्यातून आपल्या सगळ्या वर्गण्यांची, म्हणजे आपण ज्यांचे लेख मागवत होतो त्या संकेतस्थळांची, यादी ओपीएमएल नावाच्या सर्वमान्य स्वरूपात मिळत होती, आणि ती एक फाइल तशाच दुसऱ्या कोणत्याही प्रोग्राममध्ये टाकली की वर्गण्या जशाच्या तशा पुन्हा दिसू लागत. एका कंपनीचे दार बंद झाले तरी वाचणाऱ्याची वर्षानुवर्षांची निवड वाया गेली नाही, याचे श्रेय त्या साध्या, सर्वांना वापरता येणाऱ्या स्वरूपाला आहे.

ईमेलचेही तेच. एसएमटीपी हा ईमेल पाठवण्याचा नियम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. म्हणूनच ईमेल वाचण्याचा प्रोग्राम आपण आज बदलला तरी समोरच्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि जुनी पत्रे नव्या प्रोग्राममध्ये आणता येतात. दिनदर्शिका आणि संपर्कांची यादी यांच्यासाठीही अशीच सामाईक स्वरूपे आहेत. निरोप पाठवण्याच्या हल्लीच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये ही सोय नाही. त्यांतले संभाषण दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेता येत नाही, आणि फार तर मजकुराची एक लांबलचक फाइल हाती पडते. चाळीस वर्षांपूर्वीच्या साधनात जे होते ते आजच्या साधनात नसावे, याची खंत तंत्रज्ञानावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला वाटायला हवी.

स्वरूपाचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे पाहायचे तर ब्रिटनमधल्या डूम्सडे प्रकल्पाकडे पाहावे. १०८६ साली झालेल्या जमीनपाहणीच्या नवशेव्या वर्षानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये देशभरातल्या लोकांकडून, विशेषतः शाळांकडून, आपापल्या परिसराची वर्णने आणि छायाचित्रे जमवली. ती लेसर-तबकड्यांवर साठवली गेली आणि ठरावीक जातीच्या संगणकावर, खास यंत्रातच वाचता येत होती. पंधरा वर्षे उलटेपर्यंत तशी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि तो मजकूर वाचवण्यासाठी जुन्या संगणकाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर तज्ज्ञांना मुद्दाम तयार करावे लागले. १०८६ सालची चर्मपत्रे मात्र आजही डोळ्यांनी वाचता येतात. वेबवर खेळ आणि हलती चित्रे दाखवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या आठवणीतले आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि शाळकरी मुलांच्या खेळांपासून संग्रहालयांच्या दालनांपर्यंत त्यात केलेले काम ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. त्यातले जे आज दिसते ते 'रफल'सारख्या, लोकांनी लिहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे.

कोणत्या स्वरूपावर भिस्त ठेवावी याविषयी माझे मत मी स्पष्टपणे मांडते. केवळ मजकूर असेल तर साधी मजकूर-फाइल, युटीएफ-८ या, अक्षरांना अंकांत मांडणाऱ्या संकेतप्रणालीत साठवलेली. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलेली ही प्रणाली आज वेबवर जवळजवळ सर्वत्र वापरली जाते आणि देवनागरीला तिच्यात हक्काची जागा आहे. मांडणीसकट दस्तऐवज जपायचा असेल तर पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ साठवणीसाठी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मंजूर झालेला पीडीएफचा प्रकार, ज्यात अक्षरांचे फॉन्टही फाइलीतच बसवलेले असतात. पुढे बदल करायचा असलेल्या दस्तऐवजासाठी ओपन डॉक्युमेंट हे २००६ पासूनचे मानक आहे. माहितीच्या कोठारासाठी, म्हणजे डेटाबेससाठी, एस्क्यूलाइट. याचे कर्ते रिचर्ड हिप आणि त्यांचे सहकारी यांनी २०५० सालापर्यंत त्याला आधार देण्याचे जाहीर केलेले आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत त्याचा समावेश आहे. एखादे अ‍ॅप आपला मजकूर आतून एस्क्यूलाइटमध्ये ठेवते असे परीक्षणात वाचले तर माझ्यासारखीचा जीव भांड्यात पडेल.

पण स्वरूप चांगले असून भागत नाही, ते उघडणाऱ्या प्रोग्रामकडेही लक्ष ठेवावे लागते. स्वल्पविरामांनी विभागलेली सीएसव्ही फाइल हे देवाणघेवाणीचे सर्वांत साधे स्वरूप. ती स्प्रेडशीटमध्ये दोनदा टिचकी मारून उघडावी, तर शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातले पहिले शून्य गळून पडते, कारण प्रोग्राम त्याला संख्या समजतो. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक राहते, त्यामुळे सोळा अंकी खाते-क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. तारखेसारखे काही दिसले की त्याची तारीख होते. जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला या एका सवयीपायी २०२० मध्ये 'मार्च-१' आणि 'सेप्ट-१' यांसारखी जनुकांची नावे बदलावी लागली, कारण शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत ती आपोआप तारखा होऊन जात होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांतून सुटली. प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइली एक्सेलच्या जुन्या स्वरूपात भरल्या जात होत्या आणि त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी मुकाट्याने गळल्या. या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करायला त्यामुळे उशीर झाला.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक प्रकार नेहमी घडतो. नीट साठवलेली सीएसव्ही उघडावी आणि सगळीकडे डोक्यावर निरनिराळ्या खुणा असलेली रोमन अक्षरे व चलनाची चिन्हे दिसावीत. पुष्कळजण फाइल बिघडली असे समजून ती टाकून देतात. फाइल ठणठणीत असते. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि उघडणारा प्रोग्राम त्या प्रत्येक बाइटला पाश्चात्त्य लिपीचे एकेक अक्षर समजून दाखवतो, म्हणून एका चिन्हाच्या जागी तीन निरर्थक चिन्हे उमटतात. अशा वेळी ती फाइल सेव्ह न करता बंद करावी, स्प्रेडशीटच्या 'डेटा' विभागातून ती आयात करावी, तिथे संकेतप्रणाली युटीएफ-८ निवडावी आणि क्रमांकांच्या रकान्यांना 'मजकूर' असा प्रकार द्यावा. शून्येही वाचतात आणि मराठीही. एवढी माहिती चौकटीत छापली तरी कित्येकांचा खोळंबा टळेल.

आता बॅकअपविषयी, कारण या बाबतीतला गैरसमज फार खोल रुजलेला आहे. फाइली क्लाउडवर 'सिंक' होतात म्हणजे त्या सुरक्षित आहेत, असे सुशिक्षित माणसेही मानतात. सिंकचे काम सर्व उपकरणांवर एकच स्थिती ठेवण्याचे आहे. म्हणून फोनवर चुकून पुसलेले छायाचित्र तितक्याच तत्परतेने संगणकावरूनही पुसले जाते, आणि फाइल बिघडली तर बिघडलेली प्रतच सगळीकडे पोचते. कचऱ्याच्या टोपलीची मुदत उलटली की परत मिळण्याची आशा उरत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम यावर चांगला आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. त्यात मी माझ्यापुरती एक भर घालते, ती अशी की बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून ती खरोखर उघडते का हे अधूनमधून पाहावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती त्यांच्याकडे होत्या आणि ऐनवेळी त्यांतली एकही भरवशाने उपयोगी पडली नाही. नेहमीचा बॅकअप बिनसल्याच्या सूचना ईमेलने निघत होत्या, पण ती पत्रे नाकारली जात असल्याने कोणाच्या नजरेस पडली नव्हती. योगायोगाने काही तास आधी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि नुकसान सुमारे सहा तासांच्या माहितीवर थांबले. हे सर्व त्या कंपनीने स्वतःहून, काहीही न लपवता प्रसिद्ध केले, ही गोष्ट मला अतिशय आदराची वाटते.

लॉगिनसाठी दर तीस सेकंदांनी नवा सहा अंकी संकेत देणाऱ्या अ‍ॅपांबद्दलही परीक्षणात एक वाक्य हवे. हा संकेत फोनमध्ये साठवलेल्या एका गुप्त किल्लीवरून तयार होतो. ती किल्ली बाहेर काढण्याची सोय त्या अ‍ॅपमध्ये नसेल आणि फोन हरवला किंवा बंद पडला, तर सगळ्या खात्यांची दारे एकदम बंद होतात. ही सोय सुरू करताना खात्याकडून मिळणारे पर्यायी संकेत कागदावर छापून ठेवावेत.

अ‍ॅप तयार करणाऱ्यांची बाजूही मला ठाऊक आहे. चांगले एक्सपोर्ट लिहिणे हे कष्टाचे काम आहे, त्यातून मिळकत होत नाही, आणि एकट्यादुकट्या विकसकाला ते पेलणे सोपे नसते. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्याच्या विसाव्या कलमाने आपली माहिती नेहमीच्या वापरातल्या आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागण्याचा हक्क दिला, आणि त्याचा फायदा जगभरच्या वापरकर्त्यांना काही प्रमाणात झाला, कारण मोठ्या कंपन्यांनी ती सोय सर्वांनाच खुली केली. मात्र कायद्याच्या शब्दाला जागून दिलेली जेसन या, प्रोग्रामांना सोयीच्या स्वरूपातल्या फाइलींची चळत आणि दुसऱ्या साधनात सरळ भरता येईल असा संच, यांत मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट प्रोग्राम लिहू शकणाऱ्यालाच उपयोगी, दुसरी सर्वांना. हे अंतर कायद्याने मिटेल असे मला वाटत नाही. गिऱ्हाईक विचारू लागले, आणि परीक्षणांतून त्यावर गुण दिले जाऊ लागले, तर ते मिटेल.

शेवटी, ज्या वाटेविषयी मी लिहीत आहे ती आपल्यालाच वापरावी लागेल असे नाही. घरातले माणूस गेल्यावर त्याची छायाचित्रे, पत्रे, कागदपत्रे काढण्याची वेळ मागे राहिलेल्यांवर येते, आणि पासवर्ड ठाऊक नसेल तर त्यांचा निभाव लागत नाही. गूगलने यासाठी २०१३ मध्ये 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' ही सोय दिली. किती महिने खाते वापरले गेले नाही तर कोणाला कळवायचे आणि त्यांना काय काय उतरवून घेऊ द्यायचे, हे तिच्यात आधीच ठरवून ठेवता येते. ती भरून ठेवण्याला आता अधिक महत्त्व आले आहे, कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण त्या कंपनीने स्वीकारले आहे. अ‍ॅपलने २०२१ च्या अखेरीस 'वारसा संपर्क' आणला. त्यात निवडलेल्या व्यक्तीला एक किल्ली मिळते आणि मृत्यूच्या दाखल्यासह ती सादर केल्यावर छायाचित्रे, नोंदी व फाइली उघडतात, पण साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत आणि विकत घेतलेली गाणी-चित्रपटही नाहीत. म्हणून पासवर्डांची सोय निराळी करावी लागते. या दोन्ही सोयी सेटिंग्जमध्ये खोलवर दडलेल्या आहेत. त्या कुठे सापडतात आणि कशा भरायच्या, हे पडद्यावरच्या चित्रांसह आपण एकदा छापावे, आणि अ‍ॅपलची ती किल्ली कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवण्यास वाचकांना सांगावे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक